लाल बावट्याचे शाहीर

उमरग्याहून सोलापूरमार्गें बार्शीस जाणारा प्रवासी फार दूर गेला असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु 1944 सालीं या दोन गांवांमध्यें राज्याची सीमा आडवी होती. उमरग्यावर निजामाचा अंमल होता, तर बार्शी मुंबई इलाख्यांत मोडत होती. त्या बार्शींत 1916 सालीं जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल हा गरिबाघरचा मुलगा पुढें अमर शेख या नांवानें महाराष्ट्रास ठाऊक झाला. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, अशी त्याची पहिली शाळा.

वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं, मातंग कुटुंबांत, 1920 सालीं अण्णाभाऊ साठे जन्मले. वडिलांबरोबर पायीं मुंबई गांठून त्यांनीं हमाली केली, गिरणींत काम केलें. शाळा म्हणाल तर ती जवळजवळ लाभलीच नाहीं. हे दोघे आणि द. ना. गवाणकर यांनीं 1944 सालीं 'लाल बावटा कलापथक' उभें केलें. भांडवल काय? एक डफ, एक तुणतुणें, अण्णाभाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा पहाडी आवाज!

हें पथक पक्षाचें होतें, आणि पक्षाची कला ती कला कसली, असा आक्षेप आमच्याच वर्गांतील विद्वान घेत आले. आक्षेप सर्वस्वी खोटा नाहीं. प्रचाराच्या भरांत कांहीं रचना उथळ झाल्या असतील. परंतु त्यांनीं तमाशाचें काय केलें तें पाहावें. गणांत गणेशाच्या जागीं मातृभूमीस आणि कष्टकऱ्यांस वंदन आलें, गौळण गळाली आणि वगांत सावकार व पुढारी उभे राहिले. जुन्या सांच्यांत नवा आशय ओतणें हें कलावंताचेंच काम होय.

इंग्लंडांत लिव्हरपूल बंदरीं 1960 सालीं साधारण घरांतील तरुणांचा 'बीटल्स' हा संच निघाला व त्यानें जग जिंकलें. त्याचा इतिहास आमचीं मुलें तोंडपाठ सांगतात. अमर शेख कोण, असें विचारतांच गप्प होतात. दोष मुलांचा नव्हे, आम्हां शिकविणारांचा आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत या शाहिरांनीं मैदानें गाजविलीं. गांवीं राहिलेल्या मैनेच्या विरहाला अण्णाभाऊंनीं आपल्या छक्कडींत बेळगांव-कारवारच्या विरहाचें रूप दिलें. 1 मे 1960 रोजीं राज्य झालें. तो विरह मात्र राहिला. पुढें 1969 च्या 18 जुलैला अण्णाभाऊ गेले, आणि 29 ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार-अपघातांत अमर शेखही गेले.

उमरग्याच्या पूर्वेस थोड्या अंतरावर आजही राज्याची सीमा लागते. तिच्या पलीकडे बसवकल्याण-भालकीच्या घरांतून मराठी ऐकूं येतें. तें ऐकतांना, त्या शाहिरांचें गाणें अजून संपलेलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.