अँटीबॉडी म्हणजे नेमकं काय?

मंडळी, नोव्हेना स्टेशनपासून जवळच असलेलं टॅन टॉक सेंग हॉस्पिटल आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. २००३ साली सिंगापुरात सार्सची साथ आली तेव्हा हेच सार्सचं मुख्य रुग्णालय ठरवण्यात आलं. २३८ जणांना लागण झाली, ३३ दगावले. जे वाचले त्यांच्या शरीरात त्या विषाणूची ओळख शिल्लक राहिली. त्या ओळखीतूनच अँटीबॉडीज, म्हणजे प्रतिपिंडं, तयार होतात.

प्रतिपिंड हे गलोलीच्या बेचक्यासारखं दिसणारं प्रथिन. त्यात चार साखळ्या असतात, दोन जड आणि दोन हलक्या. बेचक्याची दोन्ही टोकं विषाणूच्या एका ठरावीक जागेवरच बसतात. खालचा दांडा मात्र जवळपास ठरलेला, तो भक्षक पेशींना बोलावतो. (आम्हा प्रोग्रामर लोकांना हे पटकन पटतं: दांडा स्टँडर्ड, टोकं कस्टमाइज्ड!) पुष्कळदा प्रतिपिंड विषाणूला मारत नाही, नुसतं चिकटून त्याला पेशीत शिरू देत नाही.

ही प्रतिपिंडं बी-पेशी बनवतात. रक्तातलं त्यांचं प्रमाण हळूहळू घटतं, पण काही स्मृतिपेशी टिकून राहतात. किती वर्षं? सार्समधून वाचलेल्या ८ जणांनी फायझरची कोविड लस घेतल्यावर ड्यूक-एनयूएस आणि नोव्हेनातल्याच एनसीआयडीच्या संशोधकांनी त्यांचं रक्त तपासलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. त्यांच्या प्रतिपिंडांनी जुना सार्स, कोविडचे तेव्हाचे प्रकार, शिवाय वटवाघूळ आणि खवल्या मांजरातले काही विषाणूही रोखले. सार्स न झालेल्या लसवंतांमध्ये एवढा आवाका दिसला नाही. लसीने अठरा वर्षं जुन्या स्मृतिपेशी जाग्या केल्या असाव्यात. माणसं फक्त आठ, हे मात्र विसरू नये.

इथे राहणाऱ्यांनी उलटी बाजूही जाणून घ्यायला हवी. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला आणि पुढे दुसरा झाला, तर जुनी प्रतिपिंडं नव्या विषाणूला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. मग तोच दांडा विषाणूला भक्षक पेशीत घेऊन जातो आणि तिथे तो वाढतो. त्यामुळे दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो. पूर्वी भारतात झाला असेल, तर इथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. ताप उतरत असताना पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.