आयन क्रोमॅटोग्राफी : पाण्यातील अदृश्य क्षारांचे मोजमाप

विहिरीचे पाणी स्वच्छ दिसले, तरी त्यात विरघळलेले फ्लोराइड वा नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही. फ्लोराइड प्रमाणाबाहेर असेल, तर मुलांचे दात डागाळतात आणि कालांतराने हाडे व सांधे ताठर होतात. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात हा प्रश्न आढळला आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह असून, दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. असे सूक्ष्म प्रमाण मोजण्याची एक खात्रीची पद्धत म्हणजे आयन क्रोमॅटोग्राफी.

विद्युतभार असलेल्या अणूला वा अणुसमूहाला आयन म्हणतात. या उपकरणात पंपाच्या साहाय्याने सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचे विरल द्रावण सतत वाहते ठेवतात. त्यात गाळलेल्या नमुन्याचे काही मायक्रोलिटर सोडले जातात. हा प्रवाह रेझिनच्या अतिसूक्ष्म मण्यांनी भरलेल्या स्तंभातून जातो. मण्यांवरील धनभार ऋण आयनांना कमी-अधिक जोराने धरून ठेवतो. त्यामुळे साधारणतः फ्लोराइड प्रथम, मग क्लोराइड, नायट्रेट आणि शेवटी सल्फेट बाहेर पडते. धातूचे आयन मिसळू नयेत म्हणून नळ्या विशिष्ट प्लॅस्टिकच्या असतात.

बाहेर पडणारे आयन विद्युतवाहकतेवरून ओळखावेत, तर वाहक द्रावणही वीज वाहून नेते आणि त्यात ते झाकले जातात. ही अडचण अमेरिकेतील डाऊ केमिकल कंपनीतील हॅमिश स्मॉल, टिमोथी स्टीव्हन्स व विल्यम बाउमन यांनी १९७५ मध्ये दूर केली. त्यांनी स्तंभानंतर ‘सप्रेसर’ जोडला. तो सोडियमच्या जागी हायड्रोजन आयन आणतो. परिणामी, वाहक द्रावणाचे कार्बोनिक आम्ल बनते व त्याची वाहकता अत्यल्प राहते. याउलट, क्लोराइडसारख्या आयनांची तीव्र आम्ले होऊन त्यांची वाहकता वाढते.

वाहकतामापकाचा संदेश संगणकावर शिखरांच्या आलेखाने उमटतो. शिखर येण्याच्या वेळेवरून आयन, तर क्षेत्रफळावरून त्याचे प्रमाण कळते. त्यासाठी ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी तुलना आवश्यक असते. फ्लोराइडचे शिखर अगदी आरंभी येते आणि काही सेंद्रिय आम्लांचे आयनही त्याच सुमारास बाहेर पडतात. त्यामुळे तेथे विशेष दक्षता घ्यावी लागते. एरवी, थोड्याशा पाण्यातून काही मिनिटांतच अनेक आयनांचा एकत्रित हिशेब मिळतो.