राजा अम्पात : पाण्यावरील अल्पदरातील निवास

इंडोनेशियातील राजा अम्पात द्वीपसमूहात स्थानिक पापुआ कुटुंबे उथळ समुद्रात लाकडी खांबांवर कुटी उभारून पर्यटकांची निवासव्यवस्था करतात. पाण्यावरील बंगल्यांचे हॉटेल १९६७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातील रायातेआ बेटावर सुरू झाले आणि पुढे ही महागड्या पर्यटनाची ओळख ठरली. राजा अम्पातमध्ये मात्र पानांनी शाकारलेली कुटी, मच्छरदाणी आणि यजमानांकडील भोजन अल्पदरात मिळते. सोरोंगहून वायसाईपर्यंत फेरीबोटीने व तेथून लहान होडीने येथे पोहोचता येते. येथील समुद्रात प्रवाळांच्या ५०० हून अधिक प्रजाती असून त्या पाहण्यासाठीच पर्यटक येतात. त्यामुळे प्रवाळांचे रक्षण हा या कुटुंबांच्या उपजीविकेचा प्रश्न आहे. बेटांवरील निकेल खाणींना विरोध झाल्यानंतर सरकारने जून २०२५ मध्ये चार कंपन्यांचे परवाने रद्द केले.