आद्य नमुन्याची साक्ष

देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे देव बदलला, असे आपल्यापैकी कोणी म्हणत नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास गेला आणि केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. गाव बदलले, भिंती बदलल्या, शिखरे नव्याने उभी राहिली. तथापि पूजेची परंपरा तुटली नाही, म्हणून देव तोच राहिला. हा न्याय आपल्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु हाच प्रश्न यंत्राविषयी उपस्थित झाला तर काय उत्तर द्यावे? एखादी जुनी मोटार समोर उभी करून तिचा मालक सांगू लागला, की ही साधी गाडी नव्हे, विक्रीचे उत्पादन सुरू होण्यापूर्वी परीक्षेसाठी घडविलेला हा आद्य नमुना आहे, तर ते खरे कशावरून मानावे?

हा प्रश्न केवळ धनिकांच्या छंदाचा आहे, असे आम्हांस वाटत नाही. लष्करी छावणीमुळे बेळगावच्या कॅम्पातील रस्त्यांना यंत्रवाहनांची ओळख जुनी आहे, आणि जुन्या गाड्या जपणारी माणसे ह्या भागात आजही आहेत. शिवाय ज्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न उद्या खरोखरच उभा राहू शकेल, ती आपल्या शेजारचीच आहे. ती म्हणजे इचलकरंजीची ‘मीरा’.

निपाणीहून इचलकरंजी दूर नाही. घोरपड्यांच्या ह्या जहागिरीच्या गावी १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि गावाचे भाग्य पालटले. माग चालू ठेवायचे तर सुटे भाग घडविणारे हात जवळच हवेत. असे हात तयार झाले, की त्यांस नव्या कल्पनाही सुचू लागतात. त्यापूर्वी बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच मुलखातील शंकरराव कुलकर्णी यांनी सामान्य गृहस्थास परवडेल अशी लहान मोटार स्वतः घडविण्याचा ध्यास घेतला. औपचारिक शिक्षण बेताचे, पण यंत्राची जाण विलक्षण. १९४९ च्या सुमारास त्यांची पहिली दोन आसनांची गाडी तयार झाली. पुढे पाव शतक ते एकामागून एक सुधारलेले नमुने करीत राहिले. १९७५ च्या सुमारास ह्या गाडीची किंमत बारा हजार रुपये सांगितली जात होती.

‘मीरा’ बाजारात आली नाही. १९५१ च्या उद्योग विकास व नियमन कायद्यानंतर मोठे उत्पादन परवान्यावाचून शक्य नव्हते, आणि मोटारीचा परवाना मूठभर कारखान्यांपाशीच होता. भांडवल, जागा, परवाना ह्या तिन्हींच्या अभावी एका कारागिराचे आयुष्यभराचे काम नमुन्यांपाशीच थांबले. लहान मोटारीचे स्वप्न १९८३ च्या डिसेंबरात मारुतीने परदेशी सहकार्याने पुरे केले.

येथेच परीक्षकाची खरी अडचण सुरू होते. रोल्स-रॉईससारख्या कारखान्याने प्रत्येक सांगाड्याची नोंद लिहून ठेवली. एखाद्या संस्थानिकाची म्हणून गाडी विकावयास निघाली, तर सांगाड्याच्या क्रमांकावरून ती कोणासाठी घडविली, तिच्यावर साज कोणी चढविला, हे इंग्लंडातील दप्तरात पाहता येते. अशा ठिकाणी नेहमीच्या उत्पादनाची मालिकाच कसोटी ठरते, कारण तिच्याहून नमुना कोठे वेगळा आहे हे ताडून पाहता येते. ‘मीरे’ला अशी मालिकाच नाही. तिची प्रत्येक गाडी आद्य नमुनाच होती, आणि एकीवरून दुसरी पारखण्याची सोय नाही. ज्या वस्तूस जुळी बहीण नाही, तिची नक्कल ओळखणे सर्वांत कठीण.

कायद्याचा पहिला दंडक सरळ आहे: जो प्रतिपादन करतो, त्याने सिद्ध करावे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तो होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो आहे. दुसरा दंडक १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १५ व्या कलमात सापडतो. वर्णनावरून माल विकला, तर माल त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. अर्थात् ‘आद्य नमुना’ हे शब्द करारात आले, म्हणजे ती नुसती स्तुती राहत नाही. गाडी उत्तम चालते, एवढ्याने विक्रेत्याची सुटका होत नाही.

जुन्या कागदांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. तीस वर्षांचा कागद योग्य ताब्यातून आला, तर त्यावरील सही व अक्षर ज्याचे म्हणून सांगितले त्याचेच आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. पूर्वी हे ९० व्या कलमात होते, आता नव्या अधिनियमाच्या ९२ व्या कलमात आहे. परंतु गृहीत धरावयाचे ते सही-अक्षर. मजकूर खरा आहे असे त्यावरून ठरत नाही. एखाद्या जुन्या पत्रात ‘ही पहिली गाडी’ असे लिहिलेले सापडले, तर पत्र अस्सल ठरेल. गाडी अस्सल ठरण्यास आणखी काही लागेल.

आपल्या सीमाभागात नोंदणीचा क्रमांक हा तर इतिहासाचाच दाखला होय. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात गेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मुंबई राज्याची अक्षरे ‘बी’ने सुरू होत, म्हैसूरची ‘एम् वाय’ने. १९८८ च्या मोटारवाहन कायद्यानंतर कोल्हापूरला ‘एम् एच् ०९’, बेळगावला ‘के ए २२’ आणि चिकोडीला ‘के ए २३’ मिळाले. म्हणून १९४९ ची म्हणविणाऱ्या गाडीवर महाराष्ट्राच्या मालिकेतील क्रमांक दिसला, तर तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. मात्र तो क्रमांक तिचा पहिला नव्हे, एवढे निश्चित ठरते. मग त्याआधीचा कागद कोठे आहे, त्यात सांगाड्याचा व एंजिनाचा कोणता क्रमांक लिहिला आहे, हे विचारणे परीक्षकास भागच आहे.

परंतु कागदाची साखळी पुरी असूनही वस्तू जवळजवळ सगळीच बदललेली असेल तर? हा वाद १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आला होता. ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटली गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मान् येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९३२ साली तिच्यात मोठे एंजिन बसविले गेले, आणि त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या शर्यतीत अपघात होऊन तिचा चालक मृत्यू पावला. त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली. सुमारे एक कोटी पौंडांस तिचा सौदा ठरल्यावर खरेदीदार कंपनी म्हणाली, की ही ती गाडीच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी निर्णय दिला तो असा, की मूळचे भाग थोडेच उरले म्हणून तिला जशीच्या तशी मूळ गाडी म्हणता येणार नाही. पण ती नक्कलही नव्हे. फेरफार होत असताना तिचे अस्तित्व कधी खंडित झाले नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही नाही. सबब ती खरी. सौदा खरेदीदारास बांधील राहिला.

मंगेशीचे आणि कवळ्याचे भाविक हा निर्णय वाचून मान डोलावतील. परंतु ह्याच्या उलट बाजूचाही एक निर्णय आहे, आणि तो साक्षात् देवाचा आहे. तामिळनाडूतील पत्तूर गावी १९७६ साली एका मजुरास जमिनीत नटराजाची मूर्ती सापडली. हातोहात विकली जाऊन ती लंडनला पोहोचली, आणि १९८२ साली एका कॅनेडियन कंपनीने ती विकत घेतली. तिच्याबरोबर दिलेली मालकीची हकीकत बनावट होती. न्यायालयात मूर्तीची घडण, धातूचा कस, तिला चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणा ह्या सर्वांची तुलना पत्तूरला सापडलेल्या इतर मूर्तींशी झाली. मूर्ती तीच ठरली. १९९१ साली अपील न्यायालयाने देवालयाचा हक्क मान्य केला आणि नटराज स्वदेशी परतला. तेथे कागद खोटे बोलले आणि मातीने खरे सांगितले.

ह्या दोन निर्णयांतून आम्ही एवढेच घेतो, की वस्तूची ओळख पटविणारे साक्षीदार दोन: एक तिचा वारसा आणि दुसरे तिचे अंग. दोघांची जबानी जुळली पाहिजे. उद्या एखाद्या गोदामातून ‘मीरा’ म्हणून गाडी निघाली, तर प्रथम ती कोणाकडून कोणाकडे गेली हे टप्प्याटप्प्याने मांडावे. मग तिचे अंग वाचावे. पत्रा साच्यातून निघाला आहे की हातोडीने ठोकून वळविला आहे? भाग खास घडविलेले आहेत की दुसऱ्या गाडीचे आणून बसविले आहेत? त्या सालापर्यंत बाजारात न आलेला खिळा, काच किंवा तार तिच्यात आहे का? जुन्या छायाचित्रांशी ती जुळते का? सांगाड्यावरील क्रमांक नव्याने ठोकलेला दिसला, तर त्याचे कारण विक्रेत्याने सांगावे. सांगता येत नसेल, तर खरेदीदाराने हात आवरावा.

आणि येथेच देऊळ व यंत्र यांतील भेद ध्यानी घ्यावा. देवळात जीर्णोद्धार हा धर्म आहे, कारण मंत्रपूर्वक प्रतिष्ठेने देवत्व पुन्हा जागविता येते. यंत्राची पुनःप्रतिष्ठा करणारा मंत्र नाही. आद्य नमुन्यातील ओबडधोबड जोड, कानशीचे ओरखडे, चुकलेले आणि पुन्हा बुजविलेले छिद्र हीच त्याच्या कर्त्याची स्वाक्षरी. हौशी मालक नवा रंग देतो, जोड घासून गुळगुळीत करतो, गाडी नवरीसारखी सजवितो, आणि नकळत आपल्याच दाव्याचा पुरावा पुसून टाकतो. म्हणून हात लावण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे आणि काढलेला जुना तुकडा फेकू नये.

मोठ्या कारखान्यांचा इतिहास त्यांची दप्तरे सांभाळतात. शंकररावांसारख्यांचा इतिहास सांभाळण्यास त्यांच्या गावच्या आठवणीवाचून कोणी नसते. ती आठवण मावळली, की एक तर खरी वस्तू भंगारात जाते, किंवा खोटी वस्तू तिच्या नावाने मिरवू लागते. दोन्ही प्रकारांत कर्त्यावर अन्यायच होतो. ज्यांच्या घरच्या पेट्यांत त्या काळातील छायाचित्रे, पावत्या, नोंदणीची पुस्तके पडून असतील, त्यांनी ती साल-तारीख घालून नीट लावून ठेवावीत. कारखान्यात काम केलेल्या वृद्धांचे शब्द त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावेत. देवस्थानाची कागदपत्रे जपणाऱ्या आपल्या समाजास ही शिस्त नवी नाही. ती देवळाच्या उंबरठ्याबाहेर कारागिराच्या भट्टीपर्यंत नेली, म्हणजे झाले.