वाड्याचं परडं आणि कलम ६५

निपाणी-बेळगाव भागातला मोठा वाडा बघायला गेलो की मी नकाशाआधी उतारा मागतो. वाडा गावठाणात आणि मागचं परडं शेतीच्या सर्व्हे नंबरात असेल, तर तिथं दोन खोल्या वाढवायलाही बिनशेती परवानगी लागते. ही कटकट कर्नाटकानं लावली, असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात कलम ६५ होतंच: शेतीपुरतं बांधकाम, विहीर खुशाल करा, बाकी कशाला जमीन वापरायची तर आधी कलेक्टरची परवानगी. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही, तर ती मिळाली असं धरायचं. १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. १९६४ च्या तिथल्या कायद्यात हीच तरतूद कलम ९५ म्हणून आली; मुदत तेवढी चार महिन्यांची झाली.