बुऱ्हाणपूरचे शिलालेख आणि विद्यार्थ्यांचे आधार

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर उभे राहिले म्हणजे समोर तापीचे पात्र, पैलतीरी जैनाबाद आणि पाठीशी फारुकी व मोगल राजवटींचे शहर असा देखावा दिसतो. मुमताजमहल १७ जून १६३१ रोजी येथे निवर्तली, तिचा देह प्रथम जैनाबादच्या बागेत ठेवून त्याच वर्षाच्या डिसेंबरात आग्र्यास हलविला, ही हकीकत विद्यार्थ्यांच्या निबंधांत असतेच. आणि तिला लागूनच, ताजमहाल मुळात तापीकाठी बांधावयाचा होता, पण येथील मातीस वाळवी म्हणून तो बेत राहिला, हीही असते. पहिलीस अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘पादशाहनाम्या’चा आधार देता येतो, दुसरीखाली बहुधा ‘असे म्हणतात’ एवढेच असते. दंतकथा लिहूच नये, असे आमचे म्हणणे नाही. ती दंतकथा म्हणून, कोठे ऐकली ते सांगून लिहावी.

परंतु खरी परीक्षा होते ती घाटावर नव्हे, गावातील जामा मशिदीत. ही मशीद आदिलशाह फारुकी, म्हणजेच राजा अलीखान, याने बांधविली. तिच्यात अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही आहे. सृष्टिकर्त्यास नमन करून तो फारुकी राजांची वंशावळ सांगतो व शेवटी काल देतो. तेथेच पुढे अकबराच्या स्वारीचा फारसी लेखही कोरला गेला. तेव्हा ‘मशिदीतील शिलालेखावरून’ एवढ्याने भागत नाही. कोणता लेख, हे सांगितलेच पाहिजे.

मशिदीचे साल कोणी १५८९ लिहितो, कोणी १५९०. दोघेही आपापल्या परी प्रामाणिक असतात, आणि आधार न दिल्यामुळे दोघांचाही वाद मिटत नाही. अरबी लेखात हिजरी ९९७ आहे, आणि ते वर्ष नोव्हेंबर १५८९ मध्ये संपले. संस्कृत लेखात विक्रम संवत् १६४६, शके १५११, पौष शुद्ध पक्ष, दशमीच्या काही घटिकांनंतर एकादशी, सोमवार असा काल आहे. शकात ७८ मिळविले की १५८९ येतात, आणि घाईचा विद्यार्थी तेथेच लेखणी ठेवतो. पण हा पौष जानेवारीत पडला होता. म्हणून वर्ष १५९० होय. दिवस जुन्या यूरोपीय गणनेने ५ जानेवारी, नव्या गणनेने १५ जानेवारी. दोन्ही प्रकारे वार सोमवारच येतो. ही पडताळणी शक्य झाली ती लेख खोदविणाऱ्याने तिथी व वार दोन्ही दिले म्हणून. आमच्या मते चारशे वर्षांपूर्वीच्या त्या अनामिकाने संदर्भ कसा द्यावा याचा पाठच घालून दिला आहे!

या लेखाचे वाचन रायबहादूर हिरालाल यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या नवव्या खंडात प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याने मूळ पाषाण पाहिला नसेल तर तसे लिहावे: लेख अमुक, वाचन हिरालालांचे, खंड व पृष्ठ अमुक. एखाद्या मार्गदर्शिकेतून उतरवून घेऊन खाली ‘शिलालेख’ असा हवाला देणे ही सरळ फसवणूक आहे, मग मजकूर बरोबर का असेना.

जुन्या-नव्या गणनेचा प्रश्न गोव्याच्या इतिहासाभ्यासकास तर नित्याचाच. पोर्तुगालने नवी गणना १५८२ मध्ये स्वीकारली, इंग्लंडने १७५२ मध्ये. त्यामुळे शिवकालीन एकाच घटनेविषयी पोर्तुगीज व इंग्रज पत्रांतील तारखांत दहा दिवसांचे अंतर पडते. पत्र कोणाचे हे न सांगता तारीख दिली, तर वाचकाने ती कोणत्या पंचांगाशी जुळवावी?

आणि आमच्या देवस्थानांच्या स्मरणिकांचे काय? कुळांचे व कुलदैवतांचे मूळ सांगताना ‘सह्याद्रीखंडात म्हटले आहे’ असे वाक्य हटकून येते. पण डॉ. गर्सन द कुन्हा यांनी १८७७ मध्ये मुंबईस छापलेली प्रत पाहिली, की घरातील पोथी, की दुसऱ्या स्मरणिकेतील उतारा, हे क्वचितच कळते. त्या ग्रंथाच्या हस्तलिखितांत पाठभेद पुष्कळ आहेत. अध्याय व श्लोकांक दिला, तर मतभेद असलेल्या दुसऱ्या गावच्या महाजनासही तो श्लोक स्वतः काढून वाचता येईल.