आंग्र्यांची गलबते

बीडच्या माणसाने शर्यतीच्या होड्यांवर लिहावे, याचे वाचकांना हसू येईल. आमच्याकडे प्यायच्या पाण्यासाठीच धाव असते. पाण्यावरच्या धावेचे कौतुक कोण करणार? पण आमच्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी, राक्षसभुवन आहे. तेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. नदीला पूर होता. निजामअली काही फौजेनिशी पैलतीरी गेला होता आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे अडकला होता. मध्ये पाणी, धन्याची मदत पोहोचली नाही आणि दिवाण रणात पडला. पाणी झटपट ओलांडता येणे म्हणजे काय, हे या मातीनेही पाहिले आहे.

पाण्यावरच्या वेगाचे वेड पश्चिमेकडे फार. १९०३ साली हार्म्सवर्थ करंडकाची मोटारबोटींची पहिली शर्यत झाली, तेव्हा विजयी बोटीचा वेग ताशी सुमारे २० मैल होता. १३ जून १९३० रोजी विंडरमियर सरोवरावर सर हेन्री सेग्रेव्ह यांनी ‘मिस इंग्लंड दुसरी’ ही बोट ताशी ९८ मैलांहून अधिक वेगाने हाकली. त्याच दिवशी ती उलटली आणि ते प्राणाला मुकले. अमेरिकेची ‘बेबी बूटलेगर’ १९२४ आणि १९२५ अशी दोन वर्षे गोल्ड कप जिंकली, मग अडगळीत पडली. कित्येक दशकांनी शौकिनांनी तिचे लाकूड जुळवून ती पुन्हा पाण्यावर उतरवली. असल्या जुन्या बोटींची आज मोठ्या किमतीला खरेदी-विक्री होते.

हे वाचताना मनात येते, आमच्या वेगवान होड्यांचे काय झाले?

कोकणपट्टीत अठराव्या शतकात आंग्र्यांची गलबते होती. आज गलबत म्हणजे कोणतेही जहाज. तेव्हा ती एक विशिष्ट जात होती. दोन डोलकाठ्या, पुढे एक मोठे तिरकस शीड, चाळीस-पन्नास वल्ही. मोठ्यात मोठे गलबत ७० टनांचे. वजन वाचावे म्हणून पुष्कळांची वरची फळी चिरलेल्या बांबूंची असे. वल्ह्यांवर वेग ताशी ४ मैल.

चार मैल म्हणजे काय, असे कुणी म्हणेल. पण वारा पडला की इंग्रजांचे मोठे जहाज जागच्या जागी खिळे. अशा वेळी ही गलबते तोफांनी भरलेल्या गुराबांना दोर लावून ओढीत, शत्रूच्या पिछाडीला नेऊन उभी करीत. गुराबांच्या तोफा डोलकाठ्या आणि शिडे फोडीत. मग शेकडो माणसे तलवारी घेऊन चहूबाजूंनी जहाजावर चढत. जो थांबला आहे त्याच्यापुढे चार मैलही पुष्कळ होतात. १७१२ साली मुंबईच्या गव्हर्नरांचे सशस्त्र जहाज कान्होजी आंग्र्यांच्या हाती पडले, यात नवल ते काय?

हा वेग बुडाला तो मात्र आपल्याच हाताने. तुळाजी आंग्रे जुमानीत नाही म्हणून नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये इंग्रजांशी करार केला. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी वॉटसनच्या आरमाराने विजयदुर्गावर तोफा डागल्या. पूर्वी आंग्र्यांनीच पकडून आणलेले ‘रिस्टोरेशन’ हे इंग्रजी जहाज पेटले, आणि शेजारी एकमेकांना बांधलेल्या गुराबा व गलबते काही वेळात जळून गेली. किल्ल्यात सापडलेली सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. पेशव्यांना वाटा दिला नाही. त्याच वर्षी झालेल्या तहात विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, पण बदल्यात बाणकोट द्यावे लागले.

पुढे विजयदुर्गाला आनंदराव धुळपांनी पेशव्यांचे आरमार नावारूपाला आणले खरे. परंतु पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना रोखील असा धाक परत आला नाही.

तिकडे जुन्या बोटीचा लिलाव पुकारला जातो, तेव्हा निदान तिचे मोल तरी ठरते. आमच्या गलबतांचा सौदा आधीच, एका करारात झाला होता. विकणाऱ्याला आपण काय विकतो आहोत हे कळले नाही. घेणाऱ्याला ते पक्के ठाऊक होते, म्हणून त्याने माल जपला नाही, जाळला.